गौरीहराच्या खोलीतली नवरी

आमचं लग्न हिवाळ्यात झालं आणि लग्नाचा अल्बम घरी आला तेव्हा उन्हाळ्यासाठी कूलरमध्ये नवी खस भरून झाली होती. रविवार होता. आई कारखान्याच्या टाउनशिपमधून मुद्दाम आली होती. सासूबाईंनी पोहे केले होते आणि नवरा कोपऱ्यावरून जलेबी घेऊन आला होता. चिकट हातांनी कुणी अल्बमला हात लावायचा नाही, असं मी आधीच बजावलं होतं, म्हणून सगळे हात धुऊन, पुसून दिवाणावर ओळीनं बसले.

अल्बम मनासारखा होता. खादीच्या कापडाची पेटी, आत जाड, खरबरीत कागदाची पानं, प्रत्येक पानावर बटर पेपर. वर तलावाचं आणि कोठीचं तेच रेखाचित्र होतं, जे आमच्या पत्रिकेवर होतं. त्या रेखाचित्रासाठी मी किती डोकं खाल्लं होतं, ते पत्रिका करणाऱ्यालाच ठाऊक. लग्न ठरायच्या आधीपासून मी फोनमध्ये फोटो साठवत होते. थर्माकोलचे खांब नकोत, प्लॅस्टिकची फुलं नकोत, डोळ्यांवर मारलेले लाइट नकोत. दिवसाचा उजेड हवा, झेंडू आणि निशिगंध हवा, आणि कागद हाताने केलेला हवा. नवरा गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की जेवण गरम असावं.

बड्या तलावाच्या वर, चढावर एक जुनी कोठी आहे. आता तिचं हॉटेल झालंय. ती मला पाहताक्षणी आवडली. तिथे फोटोग्राफर आणि पत्रिकावाला ठरलेलेच होते, सगळं एकत्र मिळायचं. अक्षतांसाठी आम्ही छोट्या कागदी पुड्या केल्या होत्या, त्यावर लाकडी ठशानं छापलेली वेल. आई म्हणाली होती, "इतक्या सुंदर पुड्या कोण फोडणार? लोक घरी नेतील." आणि खरंच, कितीतरी लोकांनी अक्षता टाकल्याच नाहीत. पुड्या पर्समध्ये घालून घेऊन गेले.

तर आम्ही अल्बम बघत होतो. हळद झाली, मेंदी झाली, तलावावरचं धुकं झालं. मग मधोमध दोन पानांवर पसरलेला एक फोटो आला.

गौरीहराची खोली. उंच खिडकी, तिच्या वरच्या भागात निळ्या-हिरव्या काचा. खिडकीशी पाटावर नवरी बसलीय. पिवळी अष्टपुत्री, डोक्यावरून शेला, मुंडावळ्या. चेहरा अर्धाच दिसतोय, खाली झुकलेला. उजव्या हाताच्या बोटांतून तांदूळ अन्नपूर्णेवर पडतायत आणि ते पडता पडता थांबल्यासारखे हवेत आहेत. समई, तिची ज्योत, भिंतीवर काचांचा निळा डाग. मी फोनमध्ये साठवलेल्या सगळ्या फोटोंपेक्षा तो सुंदर होता.

"अगंबाई," सासूबाई म्हणाल्या, "हा तर किती सुंदर येऊन राहिलाय!" त्या इंदूरच्या. त्यांचं मराठी असंच आहे.

मी पुढे वाकले. आणि मला कळलं, की ही मी नाही.

चेहरा कुणाचा हे ओळखण्याइतका दिसत नव्हता. साडी तीच, मुंडावळ्या त्याच, पण त्या तर सगळ्यांच्याच सारख्या असतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे खांदे आणि माना बघते. शाळेपासून दप्तर एकाच खांद्यावर घेतल्यामुळे माझा उजवा खांदा खाली आहे. फोटोतल्या नवरीचा डावा खाली होता. फोटो उलटा छापला असेल म्हणावं, तर पदर डाव्याच खांद्यावर होता, जिथे असायला हवा तिथे. मान माझ्यापेक्षा लांब. कानाची पाळी सुटी, माझी गालाला चिकटलेली.

आणि एक गोष्ट याहून मोठी होती. मी गौरीहरावर बसले तेव्हा खोलीत कुणीच नव्हतं. वऱ्हाड धुक्यामुळे उशिरा आलं होतं. सगळे त्यांना घ्यायला गेटवर धावले, फोटोग्राफरसुद्धा. मला पाटावर बसवून दार ओढून घेतलं होतं. मामा न्यायला येईपर्यंत मी एकटीच होते. खालून सनईचा आवाज येत होता आणि मी तांदूळ वाहत होते. मग हा फोटो काढला कुणी?

"ही मी नाही," मी म्हणाले.

आई हसली. "तू नाहीस तर कोण? मी दारात उभी होते ना. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला बघवेना, म्हणून मी आत आले नाही."

"आई, तू गेटवर होतीस. ओवाळायला."

"त्याच्या आधी गं," आई म्हणाली आणि तिनं पान उलटलं.

मी रडले नव्हते. मला भूक लागली होती आणि पाट टोचत होता, एवढंच मला आठवत होतं. पण आईच्या चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नव्हता. खोटं बोलताना तिचा आवाज वर जातो, तो गेला नव्हता.

दुपारी आई गेल्यावर नवरा म्हणाला, "काहीही म्हण, सगळ्यात भारी तोच फोटो आहे. मला तो क्षण आठवतो."

"तुला कसा आठवेल? तू खोलीत कुठे होतास?"

"खिडकीत दिसलीस ना. मी गाडीतून उतरलो, सहज वर बघितलं, तर तू. अशीच मान खाली घालून."

त्या खोलीची खिडकी तलावाकडे आहे. गाड्या मागच्या बाजूला थांबतात. तिथून ती खिडकी दिसतच नाही.

सासूबाईंनी तो फोटो मोठा करून फ्रेम केला आणि बैठकीत दिवाणाच्या वर लावला. मी नको म्हणाले, पण कारण काय सांगणार? फोटोतली नवरी खाली बघत होती आणि खाली दिवाण होता. दुपारी तिथे आडवं झालं, की ती आपल्याकडेच बघतेय असं वाटायचं. डोळे मिटले तरी कपाळावर बारीक काहीतरी पडतंय असं व्हायचं. मी दिवाणावर झोपणं सोडलं. मग बैठकीतून जाताना वर बघणं सोडलं. पाहुणे आले, की आधी तिच्याकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि हसायचे. भजनाला येणाऱ्या एक काकू म्हणाल्या, "तेव्हा बरी भरलेली होतीस. आता किती वाळलीस! सासू जेवायला घालते ना?" सगळ्या हसल्या. मीही हसले. संध्याकाळी आरशासमोर उभी राहून मी माझे दोन्ही खांदे कितीतरी वेळ बघत राहिले.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी अल्बम पिशवीत घालून मी फोटोग्राफरकडे गेले. चांगला माणूस, मृदू बोलणारा. त्यानं कॉम्प्युटर उघडला, माझ्या नावाचा फोल्डर उघडला.

"फाइल तो आप ही के फोल्डर में है, मॅडम."

"पण काढला कुणी? तुम्ही तेव्हा गेटवर होतात."

त्यानं डोकं खाजवलं. "दूसरा कैमरा रहा होगा." मग थोडं थांबून तो स्वतःच म्हणाला, "नहीं. उस दिन तो मैं अकेला ही था. दूसरे वाले को बुखार था."

तो स्क्रीनकडे बघत राहिला. त्याच आठवड्यात त्या कोठीत आणखी एका मराठी मुलीचं लग्न झालं होतं, असं तो म्हणाला. तिचेही फोटो त्यानंच काढले होते. तिचा एखादा फोटो चुकून माझ्यात आला असेल. मला एकदम हलकं वाटलं. साधी गफलत. मी इतके दिवस उगाच जीव टांगणीला लावला होता. त्यानं तिला फोन करून विचारलं आणि तिच्या परवानगीनं मला नंबर दिला.

ती बाग सेवनियात राहायची. मी गेले तेव्हा दुपार होती. दार तिनंच उघडलं आणि माझी नजर आधी तिच्या मानेवर, खांद्यांवर गेली. उंच, रुंद चेहऱ्याची, आखूड मानेची. दोन्ही खांदे सरळ, पोहणाऱ्या मुलींचे असतात तसे. ही तर फोटोतली नवरी नव्हतीच.

"या ना," ती म्हणाली. "सासूबाई झोपल्यात, आपण आत बसू."

आतल्या खोलीत जाताना भिंतीवर एक लंबगोल फ्रेम होती. निळ्या-हिरव्या काचा, समई, पाट, पिवळी साडी, हवेत थांबलेले तांदूळ. तोच फोटो. माझ्या पिशवीत होता तोच.

मी तिथेच उभी राहिले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिनं हळूच खोलीचं दार लावून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला पण वाटतं ना, की ही मी नाही?"

"हो," मी म्हणाले.

ती मटकन पलंगावर बसली. "देवा! मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय."

मी अल्बम काढला, आमचं पान उघडलं. तिनं भिंतीवरची फ्रेम काढून शेजारी ठेवली. फरक काहीच नव्हता. ज्योतीचा कल तोच, शेल्याची चुणी तीच. तिच्या घरी सगळे काय म्हणतात, ते तिनं सांगितलं. तिचा नवरा करोंदच्या मंडीत धान्याचा व्यापार बघतो. त्याला तो फोटो इतका आवडला, की त्यानं तो फोनवर लावलाय. तिचे वडील म्हणतात, आमची मुलगी गौरीहरावर बसून गालातल्या गालात हसत होती. आपण स्वतः बघितलं, असं सांगतात.

"माझी आई म्हणते, मी रडत होते."

आम्ही दोघींनी पुन्हा फोटोकडे बघितलं. अर्धाच चेहरा, खाली झुकलेला. हसू असेल तर असेल. रडू असेल तर असेल.

"मी डावखुरी आहे," ती म्हणाली. "हळदीपासून सगळे ओरडत होते, उजवा हात, उजवा हात. गौरीहराला मला एकटीला बसवलं तेव्हा मी मुद्दाम डाव्या हातानं तांदूळ वाहिले. बघायला होतं कोण?" मग तिनं फोटोतल्या उजव्या हातावर बोट ठेवलं. "हिनं उजव्या हातानं वाहिलेत."

"तुमच्यासोबत पण कुणीच नव्हतं?"

"कुणीच नाही. दार बंद होतं."

बाहेर तिच्या सासूबाई उठल्याची चाहूल लागली. ती घाईनं फ्रेम घेऊन उठली, परत भिंतीवर लावली आणि सरळ झालीय की नाही, ते मागे सरून बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू एकटी जाऊ नकोस फोटोग्राफरकडे. मी पण येते." अहो-जाहो केव्हा गळून पडलं, आम्हाला कळलं नाही.

दोघी मिळून गेलो तेव्हा फोटोग्राफरनं दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या. त्यानं पुन्हा तिच्याकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. फोटो बघून जे त्याच्या लक्षात आलं नव्हतं, ते आम्हा दोघींना शेजारी बघून आलं.

"तो फिर ये किसकी शादी है?" तो म्हणाला.

त्यानं त्या कोठीतल्या लग्नांचे सगळे फोल्डर उघडले. आम्ही तिघं खुर्च्या ओढून बसलो. किती नवऱ्या डोळ्यांसमोरून गेल्या. सगळ्या त्याच जिन्यावर, त्याच झेंडूच्या पडद्यासमोर, नथीला हात लावून, मान तिरकी करून. अंतरपाटाआडच्या, घास भरवणाऱ्या, पाठवणीच्या. मला वाटलं होतं, माझं लग्न वेगळं होतं. मी किती फोटो साठवले होते! तेच फोटो बाकीच्यांनीही साठवले असणार. पण लांब मानेची, डावा खांदा खाली असलेली ती मुलगी त्यात कुठेच नव्हती. मांडवात नाही, जेवताना नाही, हार घालताना नाही. तिचा तेवढा एकच फोटो होता, गौरीहराचा. तो आमच्या दोघींच्या फोल्डरमध्ये होता, आणि तिच्या स्वतःच्या नावाचा फोल्डर नव्हता.

त्यानं कोठीच्या मॅनेजरला फोन लावला. तो मॅनेजर नवा होता, त्याला काही ठाऊक नव्हतं.

"हटा दूँ?" फोटोग्राफरनं विचारलं. त्याचा हात माउसवर होता.

"हां," ती म्हणाली.

"राहू दे," मी म्हणाले, त्याच क्षणी.

दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मला भीती वाटत होती, तरी एकदा तो पुसला की त्या मुलीचं कुठेच काही उरणार नाही, असं मनात आलं. कुणीतरी तिलाही पाटावर बसवून दार ओढून घेतलं असेल. शेवटी बाग सेवनियातल्या मैत्रिणीच्या फोल्डरमधून तो काढला आणि माझ्यात राहिला. तिला नवं पान करून मिळालं. तिनं घरी काय सांगितलं, ते मी विचारलं नाही. पुढे कधीतरी तिचा मेसेज आला, की लंबगोल फ्रेममध्ये आता दोघांचा फोटो लावलाय आणि नवरा आठवडाभर घुश्शात होता.

मी घरी आल्यावर फ्रेम उतरवली. सासूबाई म्हणाल्या, "काढ गं, तुझंच घर आहे. पण मग तुझा कुठला फोटो लावू?" मी पंक्तीतला दिला. श्रीखंड तोंडाला लागलंय आणि मी खिदळतेय, असा. तो लागला. पाहुण्यांना तो आवडत नाही. आधीचा छान होता, असं सगळे म्हणतात.

नवरा येता-जाता त्या भिंतीकडे बघायचा. एका सकाळी चहा पिताना त्यानं विचारलं, "तुला तो का आवडत नव्हता?"

मग मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. खांदा, कान, बाग सेवनिया, फोल्डर. खिडकी तलावाकडे आहे, हेही सांगितलं. तो हसेल किंवा चिडेल असं मला वाटलं होतं. तो दोन्ही हातांत कप धरून बसून राहिला. चहावर साय धरली.

"मग मी कुणाला बघितलं?" तो म्हणाला.

त्याचा चेहरा इतका भाबडा झाला होता, की मी उठून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आम्ही तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

फ्रेम मी माळ्यावर टाकणार होते. आई म्हणाली, मला दे. तिनं ती टाउनशिपमधल्या क्वार्टरमध्ये देवघराच्या शेजारच्या भिंतीवर लावली. मी अडवलं नाही. तिथे मी रोज जात नाही.

मागच्या महिन्यात माझी मामेबहीण आईकडे आली होती. तिचं लग्न ठरलंय. तिचा फोन फोटोंनी भरलेला आहे, कुठल्या कुठल्या मांडवांचे, पत्रिकांचे, रांगोळ्यांचे. कागद कुठला घेऊ, पानावर सोनेरी शाई कशी दिसेल, असं ती मला विचारत होती आणि मी मजेत उत्तरं देत होते. मग तिची नजर भिंतीवर गेली.

"ताई, हा कसला भारी आहे! मला अस्साच हवा. सांग ना, तेव्हा कसं वाटत होतं?"

मी सांगायला लागले. फरशी किती गार होती, पाटाखालून गारवा वर येत होता. तांदूळ किंचित ओले होते, कुंकवाचे, ते बोटांना चिकटत होते. शेला सारखा घसरत होता, म्हणून पिन लावलेली, ती टाळूला टोचत होती. काचेतला निळा उजेड हातावर आला होता आणि हात माझा नसल्यासारखा दिसत होता. खूप वेळ झाला, कुणी न्यायलाच येईना. मग डोळे भरून आले, आणि त्याच वेळी का कोण जाणे, हसूही आलं.

आई भाजी निवडता निवडता मान डोलावत होती. "अगदी तस्संच," ती म्हणाली.

मी थांबले. आमचे तांदूळ कोरडे होते. माझ्या शेल्याला पिन नव्हती. पण मी काही बनवून सांगत नव्हते, मला ते सगळं आठवत होतं. अजून आठवतंय. बोटांना चिकटलेला एक दाणा मी अंगठ्यानं हळूच काढला होता, तोही.

मामेबहिणीनं उठून भिंतीवरच्या फोटोचा फोनवर फोटो काढला. काचेवर चमक येत होती, म्हणून तिनं दोनदा काढला आणि होणाऱ्या नवऱ्याला पाठवला. लगेच उत्तर आलं. तिनं लाजत फोन माझ्यापुढे धरला.

त्यानं लिहिलं होतं, किती गोड दिसतेस.

"वेडाच आहे," ती हसत म्हणाली, "त्याला वाटलं मीच आहे." आणि त्याला काहीतरी लिहायला लागली. मी चहाचे कप उचलले आणि आत गेले.